लहान मुलांना द्यावयाची भूल: उंदीर-माकडांवरील प्रयोग कितपत लागू पडतात?

ओवीची_आई
माझी मुलगी अकरा महिन्यांची आहे. तिचा वरचा ओठ आणि टाळू जन्मतः दुभंगलेले होते. ओठाची शस्त्रक्रिया ती चार महिन्यांची असताना झाली, आणि टाळूची पुढील महिन्यात ठरली आहे. पहिल्या वेळी आम्ही काहीही वाचले नव्हते, त्यामुळे शांत होतो. आता एका नातेवाइकाने घरच्या व्हॉट्सॲप गटावर एक लेख पाठवला आहे. भूल दिलेल्या माकडांच्या पिल्लांच्या मेंदूतील पेशी मरतात, ती पुढे शिकण्यात मागे पडतात, आणि वयाची तीन वर्षे पूर्ण होण्याआधी दुसऱ्यांदा भूल देणे धोक्याचे असते, असे त्यात म्हटले आहे. सासूबाईंनी तेव्हापासून 'थांबूया का थोडे?' असा धोशा लावला आहे.
मला दिलासा नको आहे, माहिती हवी आहे. या प्राण्यांवर नेमके काय केले गेले, किती वेळ केले गेले, आणि माझ्या मुलीच्या बाबतीत त्यातले काय लागू होते?

चेतासंधी
मी मेंदूविज्ञानात संशोधन करतो आणि उंदरांच्या पिल्लांवर काम केलेले आहे. डॉक्टर नसल्यामुळे शस्त्रक्रियेबद्दल बोलणार नाही. प्रयोगांबद्दल तेवढे सांगतो.
या विषयाची सुरुवात भुलीपासून झालीच नाही. सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील जॉन ओल्नी यांचा गट चेतापेशी कशामुळे मरतात याचा अनेक वर्षे अभ्यास करत होता. १९९९ साली त्यांनी दाखवले की, नवजात उंदरांच्या मेंदूतील एनएमडीए नावाचे ग्राहक (पेशीवरचे, रासायनिक संदेश पकडणारे रेणू) काही तास बंद ठेवले, तर पेशी मोठ्या प्रमाणावर मरतात. केटामीन हे भुलीचे औषध नेमके हेच ग्राहक बंद करते, त्यामुळे भूलतज्ज्ञांचे कान टवकारले गेले. २००३ साली वेस्ना येव्तोविच-तोदोरोविच आणि सहकाऱ्यांनी सात दिवसांच्या पिल्लांना मिडाझोलाम, नायट्रस ऑक्साइड आणि आयसोफ्लुरेन ही रोजच्या वापरातली औषधे एकत्र करून सहा तास दिली. मेंदूच्या अनेक भागांत पेशी मेल्या, आणि ती पिल्ले मोठी झाल्यावर पाण्याच्या हौदातील चाचणीत कमी पडली. या चाचणीत गढूळ केलेल्या पाण्याखाली एक चौथरा लपवलेला असतो, आणि उंदराने तो कोठे आहे हे आठवून तेथे पोहोचायचे असते.
पेशी का मरतात, हे समजणे महत्त्वाचे आहे. घडणाऱ्या मेंदूत गरजेपेक्षा कितीतरी अधिक पेशी तयार होतात. ज्या पेशीला शेजारपाजारहून बोलावणे येत राहते, ती टिकते. जिला येत नाही, ती आपण होऊन बिऱ्हाड मोडते. हे विषाने मरणे नव्हे, तर आखून दिलेला मृत्यू आहे आणि निरोगी मेंदूतही तो चालूच असतो. भुलीची बहुतेक औषधे एकतर एनएमडीएची उत्तेजना थांबवतात किंवा गाबा नावाच्या ग्राहकांमार्फत शांतता वाढवतात. परिणामी, जिला टिकायचे होते अशा पेशीलाही आपल्याला कोणी विचारत नाही असे वाटते.

खुसखुस
म्हणजे आमच्या कार्यालयात स्वेच्छानिवृत्ती योजना आली होती, तसेच दिसते. कोणी विचारेनासे झाले की माणसे आपोआप अर्ज करू लागतात.

भूलचूक_देणेघेणे
सदस्यनामावरून व्यवसाय लक्षात आला असेलच. बावीस वर्षे भूल देतो आहे, त्यांतील बरीचशी लहान मुलांना.
चेतासंधी यांनी सांगितलेले सर्व खरे आहे, पण त्यात शस्त्रक्रियागृहातील माणसाला लगेच जाणवणारी एक उणीव आहे. सात दिवसांच्या उंदराच्या पिल्लाचे वजन साधारण पंधरा ग्रॅम असते आणि त्याचे डोळेही उघडलेले नसतात. एवढ्याशा जिवाला सहा तास भूल दिली असता त्याचा रक्तदाब, रक्तातील साखर, ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड सतत मोजत राहणे जवळजवळ अशक्य असते. आम्ही बाळाच्या बाबतीत हे सर्व मिनिटामिनिटाला पाहतो. पिल्लांच्या पेशी औषधाने मेल्या की श्वास मंदावल्यामुळे आणि उपाशी राहिल्यामुळे मेल्या, हा प्रश्न आम्ही भूलतज्ज्ञ पहिल्यापासून विचारत आलो. काही रक्तचाचण्या त्या संशोधकांनीही केल्या होत्या, हे मान्य आहे, पण प्रश्न पूर्णपणे मिटला नव्हता.

निवृत्त_रसायन
मी रसायनशास्त्र शिकवत असे आणि मला हा सगळा प्रकार हिशेबातच बसत नाही. उंदराचे आयुष्य दोन-अडीच वर्षांचे असते. त्याच्या सहा तासांना माणसाच्या आयुष्याच्या प्रमाणात गुणले तर आठवड्याहून अधिक काळ होतो. कोणत्या बाळाला कोणी आठवडाभर भूल देते? अशा प्रयोगांवरून आईबापांना घाबरवणे हा पोरखेळ आहे.

चेतासंधी
सर, हे त्रैराशिक ऐकायला सोपे असले तरी येथे चालत नाही. उंदराच्या मेंदूतील जोडण्यांचा हंगाम जन्मानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत उरकतो, आणि माणसाचा गर्भावस्थेच्या शेवटच्या तिमाहीपासून काही वर्षे चालतो, हे खरे. परंतु एकदा निर्णय झाला की पेशीला मरायला लागणारा वेळ दोघांतही काही तासांचाच असतो. तो आयुष्याच्या लांबीनुसार ताणला जात नाही. वयाची तुलनाही सरळ नाही. सात दिवसांचे पिल्लू म्हणजे नवजात बाळ, असा जुना अंदाज होता. नंतरच्या तुलनात्मक अभ्यासांत तो गर्भावस्थेच्या मध्याकडे सरकला.
म्हणूनच माकडांकडे वळावे लागले. अमेरिकेतील ओरेगॉन येथील गटाने २०१० साली सहा दिवसांच्या ऱ्हीसस माकडांच्या पिल्लांना पाच तास आयसोफ्लुरेन दिले. भूलचूक यांचा आक्षेप लक्षात घेऊन त्या पिल्लांच्या श्वासनलिकेत नळी घातली होती, कृत्रिम श्वास दिला होता आणि मानवी अर्भकाइतकीच देखरेख ठेवली होती. तरीही मरणाऱ्या चेतापेशी भूल न दिलेल्या पिल्लांच्या १३ पट भरल्या. याच दिशेच्या पुढील कामात तीन तासही पुरेसे ठरले.

भूलचूक_देणेघेणे
तो लेख वाचून मी एक आठवडा नीट झोपलो नव्हतो, हे कबूल करतो. देखरेख अपुरी होती, ही आमची आवडती ढाल त्या दिवशी गेली.
पण दुसरी बाजूही सांगतो. केटामीनवरील माकडांच्या प्रयोगांत तीन तास औषध दिल्यावर वाढीव पेशीमृत्यू दिसला नाही. तो नऊ आणि चोवीस तास दिल्यावर दिसला. वयाचा फरकही तितकाच मोठा होता: पाच दिवसांच्या पिल्लांत नुकसान दिसले, पस्तीस दिवसांच्या पिल्लांत दिसले नाही. 'शिकण्यात मागे पडतात' हे वाक्य बहुधा २०११ सालच्या अभ्यासातून आले आहे. त्यात पिल्लांना सलग चोवीस तास केटामीन दिले होते, आणि साडेतीन वर्षांच्या वयानंतरही ती रंग व जागा ओळखण्याच्या कामात मागे होती. निष्कर्ष भक्कम आहे. परंतु ओवीच्या आईंना आलेल्या लेखात 'चोवीस तास' हे दोन शब्द होते का, एवढेच मला विचारायचे आहे.

ओवीची_आई
आत्ता पुन्हा उघडून पाहिला. नव्हते.

मुक्याचा_कैवार
चर्चा अभ्यासपूर्ण आहे, पण कोणालाच एका गोष्टीचा उल्लेख करावासा वाटला नाही. पेशी मोजण्यासाठी मेंदूचे काप घ्यावे लागतात, म्हणजे त्या सहा दिवसांच्या पिल्लांना मारावे लागते. आईपासून तोडलेली, आपल्याइतकीच घाबरणारी पिल्ले. आणि इतके करूनही भूलतज्ज्ञ म्हणणार की, माणसाला हे कितपत लागू पडते ते पाहावे लागेल. मग हे करायचेच कशाला?

चेतासंधी
ताई, हा प्रश्न टाळण्यासारखा नाही आणि मी स्वतः तो सोडवलेला नाही. आपल्याकडे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली प्रत्येक प्रयोगाला समितीची मंजुरी लागते. दुसऱ्या मार्गाने उत्तर मिळत असेल तर प्राणी वापरू नयेत, वापरलेच तर कमीत कमी वापरावेत आणि त्यांच्या वेदना कमी कराव्यात, ही तत्त्वे रसेल आणि बर्च यांनी १९५९ साली मांडली. त्यानुसार या विषयात काही जणांनी अगदी सूत्रकृमींवरही काम केले आहे. लहान वयात भूल दिलेले कृमी पुढे अन्नाच्या वासाकडे नीट जाऊ शकत नाहीत, असे आढळले. पण कृमीवरून बाळाचा निर्णय घेता येईल का, असे विचारले तर येथे कोणीही होकार देणार नाही, आणि हाच तो पेच आहे. बाळांच्या मेंदूचे काप घेता येत नाहीत.

मुक्याचा_कैवार
उत्तर पटले नाही, पण ते प्रामाणिक आहे.

पदर_खोचून
मला बालपणी तीन वेळा भूल दिली होती. गणित कधीच आले नाही. आता कारण सापडले.

खुसखुस
पदर, आपल्या थोरल्या भावालाही गणित येत नसे, असे आपणच येथे मागे लिहिले होते, आणि त्यांना तर एकदाही भूल दिली नव्हती.

सरासरीचा_माणूस
खुसखुस यांनी गमतीत मांडलेली गोष्ट हीच माणसांवरील अभ्यासांची खरी अडचण आहे. ज्या मुलांना भूल द्यावी लागते, त्यांना आधीच काहीतरी आजार असतो. तेव्हा पुढे दिसणारी अडचण भुलीची की आजाराची, हे वेगळे करावे लागते. मी संख्याशास्त्रात काम करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.
अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या ओल्मस्टेड परगण्यात १९७६ ते १९८२ या काळात जन्मलेल्या ५,३५७ मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या. त्यांपैकी ५९३ मुलांना चौथ्या वर्षापूर्वी भूल मिळाली होती. एकदाच भूल मिळालेल्यांत अध्ययन-अक्षमतेचे प्रमाण वाढलेले नव्हते. दोन किंवा अधिक वेळा मिळालेल्यांत ते वाढलेले होते. हा अभ्यास २००९ साली आला आणि एकच खळबळ उडाली. मात्र त्याच वर्षी नेदरलँड्समधील एकसारख्या जुळ्यांचा अभ्यासही आला. ज्या जोड्यांत एकालाच भूल मिळाली होती, त्या दोघांच्या शालेय गुणांत फरक नव्हता. म्हणजे संशयाची सुई पुन्हा मूळ परिस्थितीकडे वळली.
चिठ्ठ्या टाकून गट पाडणे हा सर्वांत स्वच्छ मार्ग, आणि तो हर्नियाच्या बाळांमुळे शक्य झाला, कारण जांघेतील हर्नियाची शस्त्रक्रिया कमरेखालचा भाग बधिर करून, बाळाला जागे ठेवूनही करता येते. सात देशांतील २८ रुग्णालयांत ७२२ बाळे निवडली गेली. निम्म्यांना सेव्होफ्लुरेनची पूर्ण भूल द्यायची आणि निम्म्यांना पाठीतले इंजेक्शन, असे ठरले. पाच वर्षांच्या वयात सरासरी बुद्ध्यांक जाग्या गटात ९९.०८ आणि भुलीच्या गटात ९८.९७ भरला, म्हणजे फरक नाहीच. पण भुलीचा मध्यक कालावधी अवघा ५४ मिनिटांचा होता आणि बाळांत मुलगेच पुष्कळ होते, हे विसरू नये. भावंडांच्या १०५ जोड्यांवरील अमेरिकी अभ्यासातही एकदा मिळालेल्या भुलीने बुद्ध्यांकात फरक पडला नव्हता.
ओवीच्या आईंना लागू होईल असा अभ्यास मिनेसोटामधूनच २०१८ साली आला. ९९७ मुलांची न भूल, एकदा भूल आणि अनेकदा भूल अशी विभागणी होती. अनेकदा भूल मिळालेल्यांचाही बुद्ध्यांक घटलेला नव्हता. मात्र माहितीवर प्रक्रिया करण्याचा वेग आणि हातांची बारीक कामे यांत ती किंचित मागे होती, आणि त्यांच्या पालकांनी वागणूक व वाचन यांबाबत अधिक तक्रारी नोंदवल्या होत्या.

निवृत्त_रसायन
म्हणजे प्राण्यांत सांगितले गेले तेवढे भयंकर माणसांत आढळले नाही. मी हेच म्हणत होतो.

सरासरीचा_माणूस
नाही, सर. आपण प्राण्यांचे प्रयोग निरुपयोगी असल्याचे म्हणत होता. अनेकदा दिलेल्या भुलीकडे वेगळे लक्ष द्यावे हे उंदरांनी सुचवले नसते, तर ९९७ मुलांचे गट अशा रीतीने कोणी पाडलेच नसते.

एक_बाप_नाशिक
बरेच दिवस हा धागा नुसता वाचत होतो. माझ्या मुलाच्या हृदयावर दोन वर्षांच्या आत तीन शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांतील एक सात तास चालली. तो आता नऊ वर्षांचा आहे. बोलका आहे आणि बुद्धिबळात मला हरवतो, पण लिहिताना फार मागे पडतो. वहीची रेघ त्याला सापडत नाही. 'बारीक कामे आणि वेग' हे शब्द वाचून मी थोडा वेळ स्क्रीनकडे पाहत राहिलो. त्याचे कारण भूल आहे, हृदय-फुप्फुस यंत्रावर गेलेले तास आहेत, की जन्मतःच कमी मिळालेला ऑक्सिजन, हे मला कोणी सांगू शकलेले नाही. एवढे मात्र नक्की की त्या तीन शस्त्रक्रिया झाल्या नसत्या, तर वहीच लागली नसती.

उत्तररात्र
थोडे अवांतर वाटेल, पण मुद्द्याला धरूनच आहे. भूल दिल्याने काय होते हे आपण बोलत आहोत. न दिल्याने काय होते, याचाही इतिहास आहे. १९८० च्या दशकापर्यंत अनेक ठिकाणी नवजात बाळांना वेदना फारशी कळत नाही, असे गृहीत धरून स्नायू शिथिल करणारे औषध आणि थोडा नायट्रस ऑक्साइड एवढ्यावरच शस्त्रक्रिया केल्या जात. इंदूरला वैद्यकीय शिक्षण घेऊन ऑक्सफर्डला गेलेल्या कंवलजीत सिंग आनंद यांनी १९८७ साली अकाली जन्मलेल्या बाळांवर अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांना फेंटानिल हे वेदनाशामक दिले नव्हते, त्यांच्या शरीरात ताणाची संप्रेरके कितीतरी अधिक उसळली आणि शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंतही जास्त झाली. त्यानंतर जगभरचा प्रघात बदलला.
गंमत म्हणजे पुढे आनंद यांच्याच गटाने उंदरांच्या नवजात पिल्लांवर प्रयोग केला. वेदना दिल्यामुळे पिल्लांच्या मेंदूतील पेशी मेल्या, आणि केटामीन दिल्यावर त्या कमी मेल्या. वर वर्णन केलेल्या प्रयोगांत पिल्लांवर शस्त्रक्रिया होतच नव्हती. शांत पडलेल्या निरोगी जिवाला नुसती भूल दिली जात होती. चाकूखालच्या मेंदूचे गणित वेगळे असू शकते.

ओवीची_आई
सर्वांची मनापासून आभारी आहे. नाशिकच्या दादांचा प्रतिसाद मी यजमानांना मोठ्याने वाचून दाखवला. आता मूळ प्रश्न पुन्हा विचारते: टाळूची शस्त्रक्रिया ती तीन वर्षांची होईपर्यंत थांबवता येईल का?

बाराखडी
मी वाचा-उपचारतज्ज्ञ आहे. कृपया असे करू नका. प, ब, त, द, क, ग ही व्यंजने उच्चारण्यासाठी तोंडात हवा दाबून धरावी लागते. टाळू उघडी असेल तर ती हवा नाकावाटे निसटते. मूल बोलण्याचा प्रयत्न थांबवत नाही. ते घशात हवा अडवून भलत्याच ठिकाणी आवाज काढायला शिकते, आणि ही सवय नंतर मोडणे फार कष्टाचे असते. म्हणून ही शस्त्रक्रिया सर्वसाधारणपणे दीड वर्षाच्या आत करतात. शिवाय अशा मुलांच्या कानांत पाणी साठून ऐकणेही मंद होते. त्याची तपासणी झाली नसेल तर आधी करून घ्या. मेंदूची काळजी करायची तर भाषेपासून वंचित राहिलेल्या मेंदूचीही करावी लागेल.

भूलचूक_देणेघेणे
बाराखडी यांच्याशी पूर्ण सहमत. ओवीच्या आई, आपल्या लेखातील 'तीन वर्षे' कोठून आली, तेही सांगतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २०१६ मध्ये इशारा दिला की, तीन वर्षांखालील मुलांना किंवा शेवटच्या तिमाहीतील गर्भवतींना वारंवार अथवा तीन तासांहून अधिक काळ दिलेली भूल मेंदूच्या वाढीवर परिणाम करू शकते. अकरा औषधांच्या माहितीपत्रकांत तो समाविष्ट झाला. त्यात 'तीन' दोनदा येते, वर्षे आणि तास, आणि पुढे पाठवताना लोक तास गाळतात. थोडे थांबवून न चालणारी शस्त्रक्रिया पुढे ढकलू नये, हे त्याच प्रशासनाने स्पष्टपणे म्हटले आहे.
आपल्या मुलीची ही दुसरी भूल आहे आणि ती बहुधा तीन तासांच्या आत संपेल. चिंता शून्य आहे असे मी म्हणणार नाही, कारण तसे सिद्ध झालेले नाही. आपल्या भूलतज्ज्ञांना दोन गोष्टी जरूर विचारा. टाळूच्या जागी बधिर करणारे औषध देऊन आणि वेदनाशामकांची जोड देऊन वायूची मात्रा कमी ठेवता येईल का? कानाची छोटी प्रक्रिया लागणार असेल, तर ती याच भुलीत उरकता येईल का, म्हणजे तिसरी टळेल? डेक्समेडेटोमिडीन हे औषध त्या अकरांच्या यादीत नाही. उंदरांच्या पिल्लांत त्याने आयसोफ्लुरेनमुळे होणारे नुकसान कमी केलेले आहे. मात्र माझ्या सहकाऱ्यांपैकी काही जण ते उत्साहाने वापरतात आणि काही सावधपणे, म्हणून निर्णय आपल्या भूलतज्ज्ञांवर सोडा.

चेतासंधी
एक राहिले होते. सॅन फ्रान्सिस्कोमधील गटाने २०१२ साली दाखवले की, लहानपणी सेव्होफ्लुरेन दिलेल्या उंदरांना पुढे खेळणी, बोगदे आणि सोबती असलेल्या मोठ्या पिंजऱ्यात ठेवले, तर त्यांची स्मरणातली कमतरता भरून निघाली. रिकाम्या पिंजऱ्यातील उंदरांत ती राहिली.

खुसखुस
म्हणजे आजी-आजोबा, चुलत भावंडे आणि स्वयंपाकघरातली भांडी. सासूबाईंना हे अवश्य वाचून दाखवा.

ओवीची_आई
दाखवले. त्या म्हणाल्या की, भांड्यांसाठी प्रयोगशाळेची गरज नव्हती. पण आता थांबण्याचा विषय त्यांनीच बंद केला.
काल भूलतज्ज्ञांना भेटून आलो. दोन्ही प्रश्न विचारले. कान त्याच वेळी पाहणार आहेत, आणि साधारण दोन तास लागतील असे म्हणाले. गुरुवारी सकाळी पहिलाच क्रमांक आहे. उपाशी किती वेळ ठेवायचे ते त्यांनी सांगितले होते, पण गडबडीत अंगावरच्या दुधाचा आकडा विसरले. सहा तास की चार?

भूलचूक_देणेघेणे
अंगावरचे दूध चार तास, वरचे दूध आणि खाणे सहा तास, निव्वळ पाणी सर्वसाधारणपणे दोन तास. तरीही सकाळी रुग्णालयात फोन करून त्यांचाच आकडा पक्का करा, आणि पहाटे तिला उठवून पाजायला गजर लावून ठेवा.